शहजादी मावशी आणि चपलांचा जिना

चार मिनिटं आणि वीस सेकंद! मुख्याध्यापिका जगदेवी बाईंनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंदबिंद तर पडलं नाही ना म्हणून. नाही, टिकटिक चालू होती. शिट्टी वाजल्यापासून एकशे अठरा लेकरं अंगणात यायला चार मिनिटं वीस सेकंद लागली होती. त्या वेळात खरंच जमीन हलली असती तर काय, हा विचार बाईंनी पुरा केलाच नाही. सत्त्याण्णव सालच्या लातुरात तो पुरा करायची कुणाची छाती नव्हती. किल्लारीच्या भूकंपाला चार वर्षं होत आली होती, तरी रस्त्यावरून लोडाचा ट्रक गेला की माणसं बोलता बोलता थांबायची आणि छताकडे बघायची.

आणि पंधरा दिवसांनी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते! भूकंप झाला तर शाळा लेकरांना कशी वाचवते, ते डोळ्यांनी बघायला. दीड मिनिटात शाळा रिकामी व्हायला पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता.

"पोरं लई आळशी आहेत," एक गुरुजी म्हणाले.

"शिट्टीच ऐकू येत नाही वर," दुसरे म्हणाले.

तेवढ्यात हातात खराटा घेऊन उभी असलेली शाळेची शिपाई मावशी मध्येच बोलली. "आळशी न्हाईत गुरुजी अन् बहिरी बी न्हाईत. लेकरं चपला शोधायलेत!"

सगळ्यांनी जिन्याकडे बघितलं. अहो, खरंच की! शाळा होती एका गल्लीतल्या भाड्याच्या इमारतीत. खाली पहिली-दुसरी, वरच्या मजल्यावर तिसरी-चौथी, आणि त्याच्याही वर, गच्चीवर पत्रे टाकून केलेल्या हॉलात, रेवणप्पा सरांचा कोचिंग क्लास. जिना सगळ्यांना मिळून एकच. आणि तो जिना कसला, चपलांचं दुकानच! शाळेची लेकरं वर्गाच्या दारात चपला काढायची, कारण वर्गात चपला घालून बसायचं नाही अशी आपली रीतच. कोचिंगची पोरं सतरंजीवर बसायची, म्हणून त्यांचे दीडशे जोड गच्चीच्या दारापासून पायरी पायरीनं खाली उतरत यायचे. शिट्टी वाजली की लेकरू पळत दारापर्यंत यायचं आणि तिथं खाली वाकायचं. माझी डावी कुठाय? ही न्हाई गं, ती तुझी! वाकलेल्यावर मागचं आपटायचं, त्याच्यावर त्याच्या मागचं. घोडं पेंड खात होतं ते तिथं!

ज्या मावशीनं हे ओळखलं, तिचं नाव शहजादी. नाव शहजादीचं आणि हातात खराटा, म्हणून लोक हसायचे. ती त्यांच्याहून मोठ्यानं हसायची. माहेर देगलूरचं. तिथं घरात दखनी, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगू, त्यामुळे बाई तिन्ही भाषांत भांडायची आणि मोजायची मात्र तेलुगूत. तिच्या आजोबांनी लहानपणी मांडीवर बसवून शिकवलेलं ते अंगात मुरलं होतं. खडूचे तुकडे असोत नाहीतर लेकरांच्या पाट्या, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू" सुरू! शाळेच्या लेकरांना एक-दोन-तीनच्या आधी ओकटी-रेंडू पाठ झालं होतं. गावाकडून आलेल्या एका आजीनं तर बाईंना विचारलं होतं, पोरगं हे कोणतं इंग्लिश शिकायलंय म्हणून.

लग्न करून ती लातुरात आली ती कलीमच्या घरात. कलीमचं गंजगोलाईच्या बाजारात चपलांचं छोटं दुकान. माणूस देवासारखा, पण भित्रा. त्र्याण्णवच्या त्या पहाटे अख्खं लातूर रस्त्यावर आलं, शहजादी पोरीला काखेत मारून आली, आणि हा पठ्ठ्या दारातून परत आत पळाला. घर पडलं नाही, अल्लाची मेहरबानी. कलीम बाहेर आला तो पायात चपला घालून. त्याही दोन्ही डाव्या!

"कायकू गये थे जी अंदर?" तिनं त्याला गदागदा हलवून विचारलं होतं.

"मालूम नै," तो पायांकडे बघत म्हणाला होता. "पाँव खुद चले गए."

ते तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. भीती वाटली की माणूस आधी पायातलं शोधतो. चपला विकणारा माणूस तसं करतो, तर आठ वर्षांच्या लेकराचं काय! त्याला तर आईनं घरून निघताना बजावलेलं असतं: चप्पल हरवून आलास तर तंगडं मोडीन.

"बाई, आजपासून जिन्यावर एक बी चप्पल ऱ्हाणार न्हाई," शहजादीनं जाहीर केलं. जाहीर, हं! विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धुऊन वाळवलेली चार गोणपाटं आणली आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्यावर चार खिळ्यांना टांगली. एकेका वर्गाला एकेक. लेकरू आत आलं की त्यानं चप्पल गोणपाटात टाकायची आणि अनवाणी वर जायचं. शिट्टी झाली की खाली वाकायचं नाही, दप्तर घ्यायचं नाही, शेजारच्याचा हात धरायचा आणि मावशीच्या मोजणीवर पावलं टाकत उतरायचं. ओकटीला एक पायरी, रेंडूला दुसरी.

"अन् ज्याला धरायला कुणाचा हात न्हाई त्यानं काय करायचं?" तिसरीतल्या पुनमनं विचारलं. ती नेहमी रांगेच्या शेवटी असायची, कारण तिला कुठंच वेळेवर जायची सवय नव्हती.

"शेवटच्यानं मागं बघायचं," शहजादी म्हणाली. "कुणी ऱ्हायलं असंल तर त्याचा हात धरायचा. तुझं काम सगळ्यात मोठं हाय, कळलं का गं सुस्ताबाई?"

काय विचारता! लेकरांना जो आनंद झाला, तो सहलीला जाताना होत नाही. शिट्टी वाजायची आणि पोरं "ओकटी! रेंडू!" ओरडत, हातात हात घालून, नागव्या पायांनी धपधप खाली! तीन मिनिटं झाली. मग अडीच. जगदेवी बाई घड्याळाकडे बघून टाळ्या वाजवायला लागल्या. गल्लीतली माणसं तमाशा बघायला उभी राहायची. घरी गेलेली लेकरं आपल्या आज्यांना हाताला धरून ओट्यावरून उतरवायची.

पण अडीचच्या खाली काही केल्या काटा येईना. लेकरांच्या चपला गेल्या, कोचिंगच्या होत्याच ना तिथं! दीडशे जोड, त्यात बूट, सँडल, एकाचे तर मोठे गमबूट. शहजादी गच्चीवर गेली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पोरांला सांगा की, चपला खाली अंगणात काढा म्हणून."

रेवणप्पा सर म्हणजे त्या वेळचं मोठं प्रस्थ. निलंग्याकडून आले होते, चार वर्षांत नाव झालं होतं, नांदेड-बीडची पोरं खोल्या घेऊन त्यांच्याकडे शिकायला राहायची. फळ्यावर गणित अर्धं होतं. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"खाली चोऱ्या होतात. माझ्या पोरांचं बारावीचं वर्ष आहे, चपला राखायला ती आली नाहीत." आणि मग, पोरांना हसवावं म्हणून, "मावशी, एक सांगू? पायातली वहाण पायातच बरी."

हॉल खदखदून हसला. टोमणा कुणाला आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शहजादीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती तिथूनच, सगळ्या हॉलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तेच म्हणायले मी सर! पायातच ठेवा की. जिन्यात कशापायी ठेवता?"

आता हॉल जो हसला, तो सरांना आवरेना. पण हसण्यानं जिना मोकळा होत नाही. शहजादीला राग आला की ती गप्प बसणारी नव्हती, हात चालवणारी होती. दुसऱ्या दिवशी दुपारची बॅच रंगात आली असताना ती पाच पोती घेऊन जिना चढली आणि वरपासून खालपर्यंत दीडशे जोड भरून अंगणात ओतले. एकच ढीग! बॅच सुटली आणि जी तारांबळ उडाली म्हणता! दीडशे पोरं-पोरी त्या ढिगात उकिरडा उकरावा तशी हात घालून बसली. "अरे हा माझा न्हाई!" "तो सोड, तो माझाय!" पुढच्या बॅचचा अर्धा तास त्यात गेला. शाळेची लेकरं खिडक्यांतून टाळ्या पिटत होती.

तिसऱ्या दिवसापासून कोचिंगची पोरं आपणहून अंगणातल्या भिंतीलगत रांगेनं चपला काढायला लागली. कुणी सांगितलं नाही, सवरलं नाही. जिना लख्ख झाला. त्या दिवशी लेकरं उतरली एक मिनिट पन्नास सेकंदांत, आणि जगदेवी बाईंनी शहजादीला चक्क मिठी मारली!

पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. रेवणप्पा सरांनी शाळेच्या संस्थाचालकांकडे तक्रार केली ती केलीच. त्यात नेमकी पुनमची नवी लाल चप्पल गोणपाटातून गायब झाली. तिचे आजोबा शेषेराव शेतातून थेट शाळेत आले, धोतराचा सोगा हातात धरून, तोंडाचा पट्टा सुटलेला.

"हे बगा बाई, मला सगळं ठावं हाय! हिचा नवरा चपला विकतो. इथं पोरांच्या चपला हरवायच्या, अन् तिथं त्याचं दुकान चालवायचं! वा रे धंदा!"

शहजादीच्या हातातला खराटा खाली पडला. बाकी काहीही ऐकलं असतं तिनं. सरांचा टोमणा तिनं उलटवला होता, पण हा घाव तिच्या इमानावर होता. बाजारात बातमी वाऱ्यासारखी गेली. कलीमच्या दुकानासमोरून जाणारे हसत विचारायचे, "काय कलीमभाई, शाळेचा माल आला का?" आणि तो बिचारा मान खाली घालायचा.

"छोड दे ना ये सब," तो घरी म्हणाला. "बाईनं सांगितलं तर झाडू मार, नै तो चुप बैठ."

"नक्को बोलो जी," ती म्हणाली आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले. "मैं चोर लगती क्या तुमको?"

लाल चप्पल दोन दिवसांनी पुनमच्याच घरी, पलंगाखाली सापडली. पोरगी त्या दिवशी अनवाणीच शाळेत आली होती आणि चप्पल घरीच होती! पण शेषेरावांना तिकडून परत येऊन "चुकलं" म्हणायला लाज वाटली. ते आले नाहीत. संस्थाचालकांचा निरोप मात्र आला. जगदेवी बाईंनी तो सांगताना शहजादीकडे बघितलं नाही.

"ते म्हणतात, साहेब येतील त्या दिवशी दीड मिनिटाच्या वर एक सेकंद गेला, किंवा आणखी एक तक्रार आली, तर शहजादीला कामावरून कमी करा. मी लई भांडले गं. पण माझं ऐकलं नाही."

शहजादीनं मान हलवली. नोकरी गेली असती तर घर चाललं असतं कसंबसं, पण ती गेल्यावर गोणपाटं निघतील आणि चपला परत जिन्यावर येतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तिला झोपू देईना. पुढचे चार दिवस तिनं लेकरांकडून घासून घासून तयारी करून घेतली. एक चाळीस. एक पस्तीस. आदल्या दिवशी एक मिनिट बत्तीस. दोन सेकंद! फक्त दोन सेकंद उरले होते!

मंगळवार उजाडला. साहेब साडेअकराला येणार. लेकरांची नखं कापलेली, डोकी तेलानं चपचपीत. जगदेवी बाईंच्या गळ्यात नवी कोरी शिट्टी. वर कोचिंगची बॅच चालू. शहजादी अंगणात गोणपाटं सारखी करत होती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली असतील.

पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरचा पितळी पेला आपोआप वाजायला लागला.

शहजादीनं त्याच्याकडे बघितलं. मग लिंबाकडे. वारा नव्हता आणि लिंब थरथरत होता. वरचे पत्रे कडकडले. पायाखालून काहीतरी घरंगळत गेल्यासारखं झालं आणि गल्लीतून किंकाळी आली, "हाललं! हाललं!"

जगदेवी बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण ओठातून वाराच निघेना. शिट्टी नाही म्हणून लेकरंही जागच्या जागी. शहजादी दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिन्यात शिरली आणि घसा फुटेल अशी ओरडली,

"ओकटी!"

आणि काय सांगू तुम्हाला! एकशे अठरा गळे एकदम, "रेंडू! मूडू! नालुगू!" खालचे वर्ग सरळ अंगणात. वर तिसरी निघाली, चौथी निघाली, हातात हात, नागवे पाय, धप, धप, धप. कुणी वाकलं नाही. कुणी मागं वळलं नाही. जिना असा मोकळा की मुंगी दिसावी! पण तेवढ्यात वरून गडगडाट आला. दीडशे थोरली पोरं गच्चीच्या दारातून एकदम सुटली होती, आणि ती खाली लेकरांच्या अंगावर आली असती तर भूकंपाची गरजच नव्हती.

कडेकडेनं लेकरांना ओलांडत शहजादी वर गेली. कोपऱ्यात कोण उभंय, काय उभंय, तिनं बघितलं नाही. गच्चीकडच्या पायऱ्यांवर ती आडवी उभी राहिली, दोन्ही हात दोन भिंतींना टेकवून, लेकरांकडे पाठ आणि त्या लोंढ्याकडे तोंड.

"थांबा! आधी लहान! आधी लहान! ऐदू! आरू!"

सगळ्यात पुढं रेवणप्पा सर होते. घामानं थबथबलेले, डोळे विस्फारलेले. त्यांनी तिला ढकललं असतं तर ती गडगडत गेली असती. ते तिच्या तोंडासमोर येऊन थांबले. मग ते गर्रकन वळले, तिच्यासारखेच हात पसरले आणि आपल्या पोरांवर गरजले, "एकानं पाय पुढं टाकला तर याद राखा! आधी लहान!"

पन्नासेक सेकंद असतील ते, पण शहजादीला युग वाटलं. खालून जगदेवी बाईंचा आवाज आला, आता तो फुटला होता एकदाचा, "आली गं! सगळी आली! सोड!" आणि मग दीडशे पोरं उतरली, तीही हळू, एकेक करून, अनवाणी.

जमीन केव्हाच थांबली होती. भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता. गल्लीतला कुणी म्हणालाच, "एवढुसा तर हादरा, अन् केवढा बोभाटा!" शहजादीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला हसू येत होतं आणि रडूही. लेकरं अंगणात रांगा करून बसली होती आणि फुललेल्या तोंडांनी विचारत होती, "मावशी, किती सेकंद? मावशी, आपण जिंकलो का?" घड्याळ बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात फाटकात साहेबांची जीप. साहेब उतरले ते घाबरूनच. "काय हो, प्रात्यक्षिक झालं सुद्धा?"

"झालं साहेब," जगदेवी बाई म्हणाल्या. "तुमच्या आधी दुसरेच साहेब येऊन गेले."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागद फाटकाच्या खांबावर ठेवला. "पटावर किती?"

"एकशे अठरा."

"बाहेर सुखरूप किती?"

शहजादी रांगांमधून निघाली, एकेका डोक्यावर हात ठेवत. पहिली, दुसरी, चौथी, बरोबर. तिसरीच्या रांगेत तिचा हात अडखळला. पुन्हा मोजलं. तीसच्या जागी एकतीस. शेवटी पुनम बसली होती, आणि पुनमच्या शेजारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी, गुडघे पोटाशी घेऊन, ओढणीत तोंड खुपसून. तिचा उजवा हात पुनमनं दोन्ही हातांनी धरला होता.

"ही कोण गं?"

"मावशी, ही आमच्या वर्गाच्या दाराशी कोपऱ्यात हुबी होती," पुनम म्हणाली. "क्लासला उशिरा जायली होती. जमीन हालायली तरी ती जागची हालंचना. डोळे मिटून रडायली. तिला हात धरायला कुणी न्हवतं. मग म्या धरला."

शहजादी तिच्यासमोर बसली. "बेटा, नाव काय तुझं?"

"बुशरा."

"कुठली?"

मुलीनं ओढणीतून तोंड वर केलं. मग म्हणाली, "किल्लारीकडची." आणि पुनमचा हात आणखी घट्ट धरत, "तवा ढिगाऱ्यातनं मला एकटीलाच काढलं होतं."

रेवणप्पा सर मागं येऊन उभे होते. चार महिने ती पोरगी त्यांच्या सतरंजीवर बसत होती आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं. शहजादीनं बुशराचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि ती स्वतःच हुंदके देऊन रडायला लागली. आतापर्यंत न आलेली सगळी भीती तिला तिथं आली.

साहेब पेन धरून ताटकळले होते. "अहो, आकडा सांगा ना. एकशे अठरा लिहू?"

"न्हाई," शहजादीनं पदरानं नाक पुसलं. "एकशे एकोणीस."

"पण पटावर एकशे अठराच आहेत. ही तर वरच्या क्लासची..."

"असंल," शहजादी म्हणाली. "आमच्या लेकरानं हात धरून आणलीय तिला. लिवा साहेब, एकशे एकोणीस."